चालतील अशी चित्रं

चाकणजवळच्या महाळुंग्याच्या शाळेत मिनल ओव्हाळ संगणक शिकवू लागली त्याला नववं वर्ष लागलं होतं, तरी शिक्षकांच्या खोलीत तिची म्हणावी अशी खुर्ची नव्हती. ती कंत्राटी. दर जूनमध्ये तिच्या नेमणुकीचा कागद नव्याने निघायचा. बाकीचे शिक्षक वाईट नव्हते, पण त्यांच्या गप्पा बदल्यांच्या, निवडणुकीच्या ड्युट्यांच्या, सेवाज्येष्ठतेच्या. त्यात हिने काय बोलायचं? म्हणून मधल्या सुट्टीत ती डबा घेऊन संगणकाच्या खोलीतच बसायची. तिथे एका कंपनीने दिलेले चौदा संगणक होते, त्यातले नऊ चालायचे. पडदे ओढलेले, वर पंखा कुरकुरतोय आणि कोपऱ्यात ही एकटी घास मोडतेय, असं ते पहिल्या वर्षापासून चाललं होतं.

राहायला ती निघोज्यात होती. सरूबाई येळवंडे यांनी रस्त्याकडेच्या वावरात बारा खोल्या बांधल्या होत्या, त्यातली कडेची मिनलची. बाकीच्या खोल्यांत कंपनीतली पोरं तिघं-चौघं मिळून राहायची, शिफ्टप्रमाणे झोपायची-उठायची, आणि सहा महिन्यांत चेहरे बदलायचे. मिनल तेवढी जुनी. सरूबाई कौतुकाने म्हणायच्या, "मास्तरीणबाई, तुमी घरात हाय का न्हाई त्येच कळत न्हाई बगा. आवाज न्हाई का काय न्हाई."

मिनल हसून आत जायची.

तिचे वडील पिंपरीला औषधांच्या कंपनीत होते. ते गेले, मग आईला अर्धांगवायू झाला, आणि आईचं अंग पुसण्यात, कूस बदलण्यात मिनलची आठ वर्षं गेली. आई गेली तेव्हा मिनल छत्तीस वर्षांची होती. स्थळं यायची केव्हाच थांबली होती. भाऊ मोशीला फ्लॅटमध्ये होता. फोनवर "ये ना एकदा" म्हणायचा. पण कधी ये, हे म्हणायचा नाही. सकाळपासून पाचपर्यंत मिनलचा घसा बोलून बोलून कोरडा पडायचा आणि पाचनंतर दुसऱ्या सकाळपर्यंत तिला शब्द उच्चारायचं कारण नसायचं.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर तालुक्यातल्या शाळांसाठी एक स्पर्धा निघाली. मुलांनी स्वतः वेबसाइट तयार करायची, विषय 'आमचा परिसर', सादरीकरण जानेवारीत राजगुरुनगरला. मुख्याध्यापक अण्णासाहेबांनी मिनलला बोलावून परिपत्रक पुढे सरकवलं. "मॅडम, हे तुमचंच काम. शाळेचं नाव झालं पाहिजे."

मिनलने आठवीतली बारा मुलं निवडली. मजकूर मुलांनी भराभर लिहिला. इंद्रायणीचा काठ, जत्रा, भाताची खाचरं, कंपन्या, पहाटेच्या बसगाड्या, सगळं आलं. अडलं ते चित्रांपाशी.

दुसऱ्याच दिवशी रविराज नावाच्या मुलाने शोधपट्टीत टाकलं: नदीवर बायका धुणं धुताना. पोर साधं होतं, त्याच्या आजीचंच रोजचं काम त्याला दाखवायचं होतं. पडद्यावरच्या पहिल्या ओळीत धुणं होतं. खालच्या ओळीत जे उघडलं ते आठवीतल्या मुलांनी बघण्यासारखं नव्हतं. दोन मुलं फिदीफिदी हसली, मुली तोंड फिरवून बसल्या आणि रविराज लालबुंद होऊन माऊस नुसताच आपटत राहिला. मिनल धावत भिंतीपाशी गेली आणि तिने मुख्य बटणच खाली ओढलं. नऊच्या नऊ पडदे काळे झाले.

सकाळी रविराजचे वडील मारुतराव शाळेत हजर. "पोरं काय हे बघायला पाठवतो का आमी? आँ?" त्यांचा आवाज मैदानापर्यंत जात होता. मिनलने त्यांना पाणी दिलं, चूक माझी आहे म्हणाली, रविराजला काही बोलू नका म्हणाली. अण्णासाहेबांनी तिथल्या तिथे निकाल दिला: मुलांनी नेटला हात लावायचा नाही, चित्रं मॅडम शोधून देतील.

तेव्हापासून शाळा सुटल्यावर मिनल चित्रं शोधत बसू लागली. नको ती चित्रं अडवणारी गाळणी लावली तरी सगळं गाळून निघत नव्हतं, हे तिला आता कळलं होतं. प्रत्येक चित्र ती आधी स्वतः बघायची. चित्राभोवती भलत्या जाहिराती नाहीत ना, कुणाचं नाव आडवं छापलेलं नाही ना, काढणाऱ्याने वापरायला मोकळीक दिली आहे ना. मग ते 'चालेल' नावाच्या फोल्डरमध्ये जायचं. एकदा इंद्रायणीवरच्या बगळ्याचा एक सुरेख फोटो सापडला. खाली काढणाऱ्याचा पत्ता होता. तिने परवानगी मागणारी मेल लिहिली. अकरा दिवसांनी नाशिकच्या त्या गृहस्थांचं उत्तर आलं: 'जरूर वापरा. मुलांना माझा नमस्कार सांगा.' मिनलने ते चार वेळा वाचलं. कुणीतरी आपल्याला उद्देशून दोन ओळी लिहिल्या, याचंच तिला अप्रूप वाटलं. तिने आभाराचं उत्तर पाठवलं, आणि पुढे लिहिण्यासारखं काही नसल्यामुळे तो पत्रव्यवहार तिथेच संपला.

पण बरीचशी चित्रं मुलांनीच नापास केली. शेतकरी शोधला तर चेकचा शर्ट घातलेला गोरा माणूस भोपळ्यांच्या ढिगाशेजारी उभा. घर शोधलं तर उतरत्या छपरावर बर्फ. आणि कंपनीच्या चित्रात काळा धूर ओकणारी तीन धुराडी.

विक्की म्हणाला, "मॅडम, आपल्या कंपन्यांना धुराडी कुठंयत? आपल्याकडं निळे पत्रे असत्यात."

खरंच होतं. मग एका रविवारी मिनल फोन घेऊन बाहेर पडली. एका गेटवरच्या सिक्युरिटीवाल्याने तिला हटकलं, "ओ मॅडम, इथं फोटो अलाउड नाही." बसथांब्यावरचे फोटो चांगले आले, पण त्यात माणसांचे चेहरे होते. अनोळखी माणसांचे चेहरे न विचारता घ्यायचे नाहीत, हे तिला ठाऊक होतं. तिने ते सगळे पुसून टाकले आणि रिकाम्या हाताने खोलीवर आली.

बारा मुलांत तेजल नावाची एक मुलगी होती. ऑगस्टमध्ये परळीकडून आलेली. "दाखला मागाहून येईल," एवढंच तिच्या आईने सांगितलं होतं. आई शिवकन्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये चपात्या लाटायची, ती साडेपाचला सुटायची. तोवर तेजल संगणकाच्या खोलीत मागच्या बाकावर बसून राहायची, ही असून नसल्यासारखी. एक दिवस तिने वाया गेलेल्या प्रिंटच्या पाठकोऱ्या बाजूवर बॉलपेनने काहीतरी काढलं. मिनलने वाकून बघितलं. निळ्या पत्र्याची शेड, बसगाड्यांची रांग, खांद्याला डब्याच्या पिशव्या अडकवलेल्या बायका, तोंडात शिट्टी धरलेला सिक्युरिटीवाला. बायकांची पाठ होती, चेहरा एकीचाही नव्हता, पण कोण दमलंय आणि कोण आत्ताच कामावर निघालंय ते पाठीवरूनच कळत होतं.

"हे कशात बघून काढलंस?"

"कशात नाही. असंच असतं की तिथं."

मिनलने त्या कागदाचा फोनवर फोटो घेतला, साफ केला, साइटवर बसवला. दुसऱ्या दिवशी बाराही मुलं पडद्याभोवती गोळा झाली. "ही आपली कंपनी!" विक्की ओरडला. बास, शोधाशोध संपली. सगळ्यांनी काढायला घेतलं, पण निम्म्याहून जास्त चित्रं तेजलची. रोज शाळा सुटल्यावर त्या दोघीच उरायच्या. तेजल काढायची, मिनल पडद्यावर चढवायची. मिनल आता डब्यात दोन चपात्या जास्त आणू लागली. तेजल नको म्हणायची आणि खायची.

एकदा तिने रंगवता रंगवता विचारलं, "मॅडम, तुमच्या घरी कोण कोण आहे?"

"मीच."

"मग तुम्ही घरी जाऊन कुणाशी बोलता?"

"नाही बोलत गं कुणाशी."

तेजलने मान डोलावली. "आम्ही पण नाही बोलत. आई म्हणते भिंती पातळ असतात."

मिनलला ते ऐकून गंमत वाटली. त्यामागे काही असेल, असं तिच्या मनातही आलं नाही. तिचं मन त्या दिवसांत वेगळ्याच आनंदात होतं. साडेपाच वाजूच नयेत, असं तिला कित्येक वर्षांत पहिल्यांदा वाटत होतं.

साइटचं शेवटचं पान होतं 'आम्ही'. मिनलने बारा जणांना पायऱ्यांवर उभं केलं. तेजल मागच्या रांगेत मान खाली घालून उभी राहिली.

"मी नको ना, मॅडम."

"वेडी का काय? सगळ्यात जास्त काम तुझं. वर बघ." तिने फोन डोळ्यांसमोर धरला. "तेजल, वर बघ ना गं!"

तेजलने वर बघितलं. थोडीशी हसलीसुद्धा.

शनिवारी साइट सुरू झाली. अण्णासाहेब इतके खूश झाले की त्यांनी दुवा शाळेच्या ग्रुपवर टाकला, तालुक्याच्या ग्रुपवर टाकला, माजी विद्यार्थ्यांच्याही. आणि नुसता दुवा फिका वाटतो म्हणून सोबत तो पायऱ्यांवरचा फोटो.

सोमवारी सकाळी प्रार्थना सुरू असताना शिवकन्या संगणकाच्या खोलीच्या दारात उभी होती. डोक्यावर कँटीनची जाळीची टोपी तशीच. कामावरून मधूनच पळत आली होती.

"मॅडम, तेवढा फोटो काढून टाका. आत्ताच्या आत्ता काढा."

"बसा तरी. काय झालं?"

"बसत नाही. तेजीच्या बापानं मला दोनदा जाळायला घेतलं होतं. तिसऱ्यांदा पोरीच्या अंगावर रॉकेल टाकलं. आमी रातोरात निघून आलाव. चार महिने झाले, कुणालाच ठावं नाही आमी कुठं हाव ते. आज आमच्या सुपरवायझरनं मोबाइल दाखवला. म्हणला, ही तुमची पोरगी ना? लई हुशार हाय म्हणं." तिचा श्वास पुरत नव्हता. "त्याच्या मोबाइलवर आला म्हणजे कुठं कुठं गेला असंल?"

 मिनलने शिवकन्येच्या समोर 'आम्ही' हे पान पुसलं. ते अर्ध्या मिनिटाचं काम. पण ग्रुपवर गेलेला फोटो तिच्या हातात नव्हता. ती तशीच अण्णासाहेबांकडे गेली. ते आधी म्हणाले, "एवढं काय त्यात? बारा मुलांचा फोटो, कोण बघतंय." मिनल आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यासमोर बसायला न सांगता बसली. "सर, मी तिला वर बघायला लावलं," ती म्हणाली, आणि पुढचं सगळं सांगितलं. अण्णासाहेबांनी आपल्या फोनवरून तो फोटो सगळीकडून काढला.

पण काहींनी तो आधीच पुढे ढकलला होता. मिनलने पालकांची यादी काढली. जिला भावालाही फोन करताना दोनदा विचार करावा लागे, तिने त्या दिवशी सेहेचाळीस फोन केले. कुणी लगेच पुसतो म्हणालं. कुणी कारण विचारत बसलं, आणि कारण तर सांगता येत नव्हतं. एक बाई म्हणाली, "माझा मुलगा पहिल्या रांगेत आहे, मी कशाला पुसू?" सतराव्या फोनवर मारुतराव होते. मिनलने मनाची तयारी केली. ते ऐकून घेऊन म्हणाले, "पोरीबाळीचं काहीतरी हाय ना? मला सांगू नका. बगतो मी." तासाभरात त्यांचा आवाज गावच्या ग्रुपवर आला: तो फोटो आजच्या आज सगळ्यांनी काढायचा, ज्याच्या मोबाइलवर राहील त्याच्या घरी मी येतोय. मिनलने तो संदेश ऐकला आणि यादीतला पुढचा नंबर लावला.

शनिवारपर्यंत काही झालं नाही. रविवारी दिवस कलताना मायलेकी निघोज्याला तिच्या खोलीवर आल्या. सोबत एक पिशवी आणि एक पत्र्याची पेटी.

"गावाकडून चुलतबहिणीचा फोन आला," शिवकन्या उंबऱ्यातच म्हणाली. "त्यांना चाकणचं कळलंय. आमी निघालाव."

"माझ्यामुळे," मिनल म्हणाली.

शिवकन्येने नाही म्हटलं नाही. एवढंच म्हणाली, "तुमी मुद्दाम नाही केलं."

मिनलने चहा टाकला. खोलीत दोनच कप होते, तिसरा तिने स्टीलच्या पेल्यात घेतला. कुठे जाणार, हे तिने विचारलं नाही आणि शिवकन्येने सांगितलं नाही. तेजल भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे, मग कपाटाकडे, मग खिडकीकडे बघत राहिली. सगळी खोली डोळ्यांत भरून घेतल्यासारखी. मग म्हणाली, "मॅडम, माझी चित्रं राहतील?"

"राहतील की."

"नाव नका घालू."

"नाही घालणार."

मिनल रस्त्यापर्यंत सोडायला निघाली तर शिवकन्येने हाताने थांबवलं. तिघी दिसण्यापेक्षा दोघी दिसलेल्या बऱ्या. पेटी दोघींनी मिळून धरली होती. वळणावर कंटेनरची रांग लागली होती, त्यांच्या मागे त्या दोघी दिसेनाशा झाल्या. तेजलने मागे वळून बघितलं नाही. तसं तिला शिकवलेलं असणार.

गुरुवारी शाळेत दोन माणसं आली. क्लार्कने त्यांना मिनलकडे पाठवलं. त्यातल्या एकाने फोन पुढे केला. पडद्यावर फक्त एक चेहरा होता, बारा जणांतून कापून मोठा केलेला. वर बघणारा, थोडासा हसणारा.

"ही तुमच्या शाळेत आहे ना?"

मिनलने मान हलवली. "नाही."

"फोटो तर इथलाच दिसतोय. या पायऱ्या."

"स्पर्धेसाठी कुठल्या कुठल्या शाळांची मुलं आली होती. सगळ्यांची नावं कशी लक्षात राहणार?"

"मी तिचा बाप आहे, मॅडम." आवाज मऊ होता. भुवया अगदी तेजलसारख्या, मध्ये जुळलेल्या. मिनलला त्या भुवयांची जास्त भीती वाटली.

"बाप आहात तर मुलगी कुठे शिकते हे तुम्हाला ठाऊक असायला हवं," ती म्हणाली. कुठून एवढं धैर्य आलं, ते तिला नंतरही कळलं नाही.

ती माणसं शाळा सुटेपर्यंत समोरच्या चहाच्या टपरीवर बसून राहिली. घंटा झाल्यावर बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलीच्या तोंडाकडे बघत होती. अण्णासाहेब स्वतः फाटकात जाऊन उभे राहिले, पोलिसांना फोन लावलेला, हात मागे बांधलेले. गर्दी ओसरली तशी ती दोघं मोटरसायकलवर बसून गेली. अण्णासाहेब परत येऊन मिनलच्या खोलीत डोकावले. "तिच्या दाखल्याबद्दल कुणीही, कुठूनही विचारलं तर आधी मला सांगायचं. क्लार्कलाही सांगून ठेवलंय." मग जरा घुटमळून म्हणाले, "तुम्ही डबा इथेच खाता का रोज?"

"हो, सर."

"अच्छा," ते म्हणाले आणि गेले.

जानेवारीत राजगुरुनगरला मुलांनी साइट सादर केली. परीक्षक बाईंनी बसगाड्यांचं चित्र बराच वेळ पडद्यावर ठेवलं. "ही चित्रं कुठून घेतली?"

विक्कीने तोंड उघडलं आणि मॅडमकडे बघून मिटलं.

"आमच्या वर्गाने काढली," मिनल म्हणाली.

दुसरा क्रमांक आला. प्रमाणपत्रावर अकरा नावं होती. येताना बसमध्ये मुलं भेंड्या खेळत होती. मिनल पुढच्या सीटवर खिडकीशी बसली होती. रविराज उठून तिच्याजवळ आला, थोडा वेळ दांड्याला धरून उभा राहिला. "मॅडम, ती असती तर पहिला आला असता का?" त्याने विचारलं.  मिनलने त्याला बाजूला बसवून घेतलं.

पुढे तालुक्यातल्या इतर शाळांमधून तिला फोन येऊ लागले. 'चालेल' फोल्डर ती मागेल त्याला देते. त्यात आता मुलांनी काढलेली चारशेवर चित्रं आहेत, विहिरीपासून वेल्डिंगपर्यंत. देताना ती एक अट घालते. साइटवर मुलांचे चेहरे टाकायचे नाहीत. घरच्यांनी आपणहून होकार दिला तरी आधी मुलाला एकट्याला विचारायचं, आणि ते नको म्हणालं तर का, हे विचारायचं नाही. शिक्षकांच्या एका कार्यशाळेत एकाने हसत म्हटलं होतं, "मॅडम, एवढी भीती कशाची?" मिनलने त्याच्याकडे बघितलं आणि पुढची स्लाइड पडद्यावर घेतली.

नेमणुकीचा कागद अजून दर जूनलाच निघतो. सरूबाईंच्या बारा खोल्यांत नवी पोरं आली, गेली. भावाने मोशीला बोलावलं तेव्हा ती एकदा जाऊन आली. भाची तिच्याशी दोन दिवस बोलली आणि तिसऱ्या दिवशी मोबाइलमध्ये गेली. शाळा सुटल्यावर साडेपाचपर्यंत बसण्याची तिला गरज नाही, तरी ती बसते.

महिन्यातून एकदा, खोलीत कुणी नसताना, ती शोधपट्टीत तेजलचं पूर्ण नाव टाकते. मग नुसतं नाव आणि वेगवेगळ्या गावांची नावं. चित्रकला स्पर्धा, गुणवंत विद्यार्थी, स्नेहसंमेलन. ढीगभर मुली समोर येतात, बक्षीस घेताना, नाचताना, हार घातलेल्या. कुणाच्या भुवया मध्ये जुळलेल्या दिसल्या की मिनल तो फोटो मोठा करते, जवळ जाऊन बघते. दुसरीच कुणी असते. ती अगदी शेवटच्या ओळीपर्यंत खाली जाते, काही सुटलं तर नाही ना याची खात्री करते, आणि संगणक बंद करून निघोज्याची रिक्षा पकडायला निघते.